घाट, प्रेक्षक आणि रसविघ्न : सायकल शर्यतीतील ‘कंटाळवाण्या’ टप्प्याविषयीच्या रसिक-प्रतिसादाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

१२ जुलै २००९ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचा नववा टप्पा सँ-गोदाँ ते तार्ब असा १६०.५ किलोमीटरचा झाला. वाटेत आस्पँ आणि तूर्माले या पिरेनीज पर्वतातील दोन मोठ्या खिंडी होत्या. त्यांपैकी तूर्मालेची उंची २,११५ मीटर असून शर्यतीच्या इतिहासात या खिंडीला जो मान आहे, तो फार थोड्या ठिकाणांना लाभला आहे. मात्र त्या वर्षीच्या आखणीत तूर्मालेचा माथा अंतिम रेषेपासून सुमारे ७० किलोमीटर मागे पडला होता. माथ्यावर मिळविलेली आघाडी पुढच्या उतारावर आणि सपाटीवर पुसली जाणार, हे सर्वच संघांना ठाऊक होते; त्यामुळे शर्यतीच्या अंतिम विजेतेपदाचे दावेदार माथ्यावर एकमेकांशी झुंजलेच नाहीत. पिएरिक फेद्रिगो आणि फ्रँको पेलिझोटी ही जोडी आधीच पुढे निसटली होती व तीत फेद्रिगोने बाजी मारली. त्यांच्यामागून ३४ सेकंदांनी मोठा जथा आला. या जथ्यात पहिला, म्हणजे टप्प्यात तिसरा, आला तो ऑस्कर फ्रेइरे. डोंगरातील चढाईसाठी नव्हे, तर सपाट रस्त्यावरील अखेरच्या वेगवान धावेसाठी ख्यातकीर्त असलेला सायकलपटू. पिवळी जर्सी रिनाल्दो नोचेंतिनीच्या अंगावर कायम राहिली. त्याच्यामागे अल्बर्टो कॉन्टाडोर ६ सेकंदांनी आणि लान्स आर्मस्ट्राँग ८ सेकंदांनी. सकाळी जे अंतर होते तेच सायंकाळी राहिले.

या टप्प्याविषयी रसिकांची आणि जाणकारांची जी नाराजी व्यक्त झाली, ती ‘कंटाळवाणा’ या एका विशेषणात सामावते. तूर्मालेसारखा पर्वत वाया घालविला, आयोजकांना आखणी जमली नाही, सायकलपटूंनी हिंमत दाखविली नाही, बलवान संघांनी शर्यत गोठवून टाकली, अशा अनेक तक्रारी या एका विशेषणाखाली एकत्र येतात. प्रस्तुत लेखाचा विषय तो टप्पा नसून ही तक्रार आहे. ‘कंटाळवाणा’ हा केवळ मनःस्थितीचा उद्गार नव्हे; ते एक समीक्षात्मक विधान आहे आणि इतर कोणत्याही समीक्षात्मक विधानाप्रमाणे त्याची तपासणी व्हावयास हवी. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका शब्दात निदान चार वेगवेगळे आक्षेप मिसळलेले असतात. ते वेगळे न केल्यामुळे दोष एकाचा आणि उपाय दुसऱ्यावर अशी स्थिती उद्भवते आणि त्या उपायाची किंमत अनेकदा सायकलपटूच्या शरीराला मोजावी लागते.

२. डोंगराकडून असलेल्या अपेक्षेचा इतिहास

डोंगरात काहीतरी विलक्षण घडलेच पाहिजे, ही अपेक्षा मुळात वृत्तपत्राने घडविली. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ साली सुरू झाली ती ‘लोटो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा खप वाढविण्यासाठी. १९१० साली पिरेनीजमधील मोठ्या खिंडी शर्यतीत प्रथमच आल्या आणि तूर्मालेचा समावेशही तेव्हाच झाला. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापीझ याने ओबिस्क खिंडीत आयोजकांना उद्देशून ‘खुनी’ असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या काळच्या वाचकाने यातील काहीच पाहिलेले नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचला तो बातमीदाराने निवडलेला, रचलेला आणि रंगविलेला वृत्तान्त. आपल्याकडील बखरकाराप्रमाणेच या बातमीदारालाही रिकामे तास गाळून मोजके प्रसंग जोडण्याची मुभा होती. सहा-सात तासांच्या मुकाट चढाईचे वर्णन दोन वाक्यांत उरकता येत असे. त्यामुळे त्या काळी कंटाळवाणे टप्पे झालेच नसतील असे नव्हे. पण ते वाचकापर्यंत कंटाळवाणे म्हणून पोहोचत नव्हते.

या लेखनपरंपरेचे मर्म रोलाँ बार्त याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथातील एका निबंधात उलगडून दाखविले. त्याच्या मते टूर हे एक महाकाव्य आहे. त्यात सायकलपटूंची नावे वीरांच्या नावांसारखी वावरतात आणि व्हाँतूसारखा पर्वत हा भूगोलाचा भाग न राहता बळी मागणारी एक दुष्ट देवता बनतो. बार्तचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु त्याला आधारभूत असलेले महाकाव्य हे मुख्यतः शब्दांतले महाकाव्य होते. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा आरंभी शर्यतीचा शेवटचा भागच थेट दिसे. २०१७ साली टूरचे सर्व टप्पे प्रथमच पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्या किलोमीटरपर्यंत थेट दाखविण्यात आले. म्हणजे बखरकाराने गाळलेले सगळे तास प्रेक्षकाला परत मिळाले. महाकाव्याची अपेक्षा मात्र त्याच्या मनात जुनीच राहिली. आजच्या रसिकाच्या कंटाळ्याचे एक मूळ या विसंगतीत आहे: त्याला कच्चे साहित्य दाखविले जाते आणि तो ते तयार कलाकृतीच्या मापाने मोजतो.

३. रसविघ्नांची कसोटी

भरताच्या रससूत्रावरील विवेचनात अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. र. पं. कंगले यांनी ‘नाट्यशास्त्रा’तील सहावा आणि सातवा अध्याय ‘अभिनवभारती’सह मराठीत आणल्यामुळे हे विवेचन मराठीच्या अध्यापकांना परिचित आहे. सायकल शर्यत हे नाट्य नव्हे, याची येथे जाणीव ठेवली पाहिजे. नाट्यात अनुकर्त्याचा घाम हा अभिनयाचा भाग असतो. शर्यतीत तो खरा असतो. नाट्याचा शेवट कवीने ठरविलेला असतो. शर्यतीचा कोणीच ठरविलेला नसतो, निदान नसावा. त्यामुळे शर्यतीच्या प्रेक्षकाला येणारा अनुभव हा शास्त्रीय अर्थाने रसानुभव आहे असा दावा येथे केलेला नाही. तथापि विघ्नांची चर्चा ही मुळात प्रेक्षकाच्या प्रतीतीची चर्चा असल्यामुळे, ‘मला यात गोडी का वाटली नाही?’ या प्रश्नाची फोड करण्यासाठी ती उपयोगी पडते. सातांपैकी चार विघ्ने येथे विशेष प्रस्तुत आहेत.

पहिले संभावनाविरह. अभिनवगुप्ताच्या विवेचनात याचा अर्थ असा, की जे दाखविले जात आहे ते प्रेक्षकाला संभवनीयच वाटत नसेल तर त्याचे चित्त त्यात विश्रांती पावत नाही. येथे तो अर्थ थोडा विस्तारून घेतला आहे: समोर जे चालले आहे त्यातून काही निष्पन्न होऊ शकेल, असे प्रेक्षकाला वाटत नसेल तर त्याचे लक्ष तेथे ठरत नाही. तार्बचा टप्पा हे या विघ्नाचे शुद्ध उदाहरण होय. तेथे सायकलपटूंनी संधी गमावली असे नव्हे. माथा व अंतिम रेषा यांच्यातील ७० किलोमीटरनी ती संधीच काढून घेतली होती.

याच्या उलट उदाहरण त्याच शर्यतीत १३ दिवसांनी घडले. २५ जुलै २००९ रोजी विसावा टप्पा व्हाँतूच्या माथ्यावर संपला. तेथे आखणीत कोणताही दोष नव्हता. पॅरिसला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी सर्वांत दुर्घट पर्वत ठेवला होता. हुआन मान्युएल गाराते याने टोनी मार्टिनला मागे टाकून टप्पा जिंकला. मागे अँडी श्लेक पुनःपुन्हा मुसंडी मारत होता, भाऊ फ्रँक सोबत यावा म्हणून पुनःपुन्हा थबकत होता आणि कॉन्टाडोर प्रत्येक वेळी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहत होता. माथ्याजवळ वारा समोरून होता. एकूण क्रमवारीतील पहिले तिघे जसे होते तसेच राहिले. याही टप्प्याने अनेकांची निराशा केली. पण येथे संभावना शेवटपर्यंत जिवंत होती. ती फळली नाही इतकेच. एका टप्प्यात प्रश्नच विचारला गेला नाही आणि दुसऱ्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. या दोहोंना एकच विशेषण लावणारा रसिक आपल्याच अनुभवाशी अन्याय करतो.

संभावनाविरहाचा आणखी एक प्रकार अलीकडे दिसू लागला आहे. २०२४ च्या ‘जिरो द इतालिया’ शर्यतीत तादेय पोगाचारने सहा टप्पे जिंकले आणि एकूण क्रमवारीत ९ मिनिटे ५६ सेकंदांच्या फरकाने विजय मिळविला. डोंगरात मुसंड्या होत्या, धाडस होते, पराक्रम होता. आणि तरीही अनेक रसिकांनी कंटाळ्याची तक्रार केली. कारण मुसंडी कोण मारणार आणि तिचे फलित काय, हे अगोदरच ठरल्यासारखे होते. घटनांचा अभाव म्हणजे कंटाळा, हे समीकरण येथे कोसळते. कंटाळा घटना नसल्यामुळे येत नाही. दुसरे काही घडू शकले असते असे वाटत नाही, तेव्हा तो येतो.

दुसरे विघ्न अप्रधानता. कोणता भाव प्रधान व कोणता गौण हे प्रेक्षकाला कळत नसेल तर प्रतीती विखुरते. तार्बच्या टप्प्यात फेद्रिगो आणि पेलिझोटी यांची झुंज पूर्ण होती. तिला आरंभ होता, मध्य होता, दोघांतील डावपेच होते आणि शेवटही होता. पण पिवळ्या जर्सीकडे डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकाने ती उपकथा मानली आणि मुख्य कथानक घडलेच नाही म्हणून तो उठला. एका शर्यतीत अनेक शर्यती एकाच वेळी चालतात: टप्प्याची, एकूण क्रमवारीची, डोंगरातील गुणांची. आज प्रधान कोणती हे ओळखणे हे रसिकत्वाचे काम आहे. ते न करता दिलेला निवाडा अपुरा ठरतो.

तिसरे विघ्न स्फुटत्वाभाव. हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या चित्रात चढ जवळजवळ सपाट होऊन जातो. सँत-मारी-द-काँपाँकडून तूर्मालेचा चढ सुमारे १७ किलोमीटरचा असून त्याची सरासरी सात टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे दर १०० मीटरला ७ मीटरपेक्षा जास्त उंची चढावी लागते. पडद्यावर मात्र दिसते ती एक संथ, रंगीबेरंगी रांग. त्या रांगेच्या पुढे एखाद्या संघाचे मदतनीस सायकलपटू इतका वेग ठेवतात की मागच्या कोणालाही त्याहून वेगाने फार काळ जाता येऊ नये. मुसंडी होत नाही, ती या अदृश्य बळामुळे. ज्याला चढाचा आणि वेगाचा अंदाज नाही त्याला हे निष्क्रियतेचे दृश्य वाटते. वस्तुतः ते निकराच्या प्रयत्नाचे दृश्य असते.

चौथे विघ्न संशययोग. अभिनवगुप्त म्हणतो की अनुभाव हे एकाच भावाशी बांधलेले नसतात. अश्रू आनंदाने येतात तसे नेत्ररोगानेही येतात. सायकल शर्यतीच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासाला हे निरीक्षण विलक्षण लागू पडते. घाटातील असामान्य वेग हा सरावाने येतो तसा औषधानेही येतो. चेहरा पाहून ते कळत नाही. हे विघ्न अन्य तिहींपेक्षा वेगळे आहे, कारण ते टप्पा संपल्यावर, कधी कधी वर्षांनंतर, मागे जाऊन रसभंग करते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. आपले घाट : बोरघाट आणि दिवेघाट

येथवरचे विवेचन फ्रान्समधील पर्वतांविषयी झाले. पण तार्बच्या टप्प्याची जी रचना सदोष ठरली, तीच रचना महाराष्ट्रातील सायकलप्रेमींना पूर्वापार परिचित आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून होत आली. खोपोलीच्या पुढे बोरघाट लागतो, खंडाळ्याला माथा येतो आणि तेथून पुण्यापर्यंत कामशेत, देहूरोड, निगडी, पिंपरी असे साठाहून अधिक किलोमीटर उरतात. म्हणजे घाटमाथा आणि अंतिम रेषा यांच्यातील अंतर जवळजवळ तार्बइतकेच. तार्बचा तर्क येथे लावला तर बोरघाट हाही वाया गेलेला घाट ठरावयास हवा.

तसे झाले नाही, याचे श्रेय ‘घाटाचा राजा’ या किताबाकडे जाते. घाटमाथा प्रथम गाठणाऱ्याला हा मान मिळतो. पुण्यात पहिला कोण आला याच्याशी त्याचा संबंध नसतो. या एका तरतुदीमुळे घाटाला स्वतःची अंतिम रेषा मिळाली. खंडाळ्याच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला एक पूर्ण शर्यत पाहावयास मिळते. पुण्यातील प्रेक्षकाला दुसरी. टूरमध्येही डोंगराच्या गुणांची स्पर्धा १९३३ पासून आहे आणि ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. मग फरक कोठे पडला? फरक प्रेक्षकाच्या जागेत आहे. बोरघाटातील प्रेक्षक घाटात उभा आहे. त्याच्या दृष्टीने घाट हेच प्रधान. पडद्यावरचा प्रेक्षक कोठेच उभा नाही. तो निकालात उभा आहे. त्यामुळे निकालावर परिणाम न करणारा डोंगर त्याला अर्थहीन वाटतो.

या संदर्भात आपल्या परिसरातील आणखी एका घाटाचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. चऱ्होलीच्या शेजारी असलेल्या आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवेघाट चढते आणि सासवडला पोहोचते. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. तो चढ पाहण्यासाठी घाटाच्या दोन्ही अंगांना हजारो लोक तासन्‌तास थांबतात. येथे कोणी जिंकत नाही, चाल संथ असते, पुढे काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. आणि तरीही हा टप्पा कंटाळवाणा झाला असे कोणी म्हणत नाही. वारी ही शर्यत नव्हे आणि भाविक हा क्रीडारसिक नव्हे, हा भेद उघड आहे. परंतु संथपणा, पुनरावृत्ती किंवा पूर्वज्ञात शेवट यांत कंटाळा अंगभूत नसतो, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते. पाहणारा घाटाकडे कोणता प्रश्न घेऊन येतो, यावर बरेच अवलंबून असते.

५. रसिकाची मागणी आणि सायकलपटूचे शरीर

रसिकांचा कंटाळा हा निरुपद्रवी नसतो, कारण आयोजक तो ऐकतात. व्यावसायिक शर्यत ही प्रक्षेपणावर आणि प्रायोजकांवर चालते आणि कंटाळलेला प्रेक्षक हा दोघांनाही परवडत नाही. म्हणून प्रत्येक ‘कंटाळवाण्या’ टप्प्यानंतर उपाय सुचविले जातात. त्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

पहिला उपाय संदेशयंत्रणेवर बंदी घालण्याचा. संघव्यवस्थापक कानातील यंत्रातून सूचना देतात, म्हणून उत्स्फूर्तता मेली, असा आक्षेप होता. तार्बनंतर दोनच दिवसांनी, १४ जुलै २००९ रोजी, लिमोज ते इसूदँ हा दहावा टप्पा या यंत्राविना घेण्यात आला. हा टप्पा डोंगराचा नव्हता. पण संघांचा विरोध असल्यामुळे जथा संथ गतीने चालला आणि अखेरच्या धावेत मार्क कॅव्हेंडिश जिंकला. तेराव्या टप्प्यावर लागू व्हावयाची तशीच बंदी मागे घेण्यात आली. दुसरा उपाय माथ्यावरच अंतिम रेषा ठेवण्याचा. २०१० मध्ये सतरावा टप्पा तूर्मालेच्या माथ्यावर संपला. अँडी श्लेक आणि कॉन्टाडोर धुक्यातून सोबत वर आले, श्लेकने टप्पा जिंकला. दोघांतील ८ सेकंदांचे अंतर मात्र तसेच राहिले. तिसरा उपाय टप्पा आखूड करण्याचा. २०१८ चा सतरावा टप्पा केवळ ६५ किलोमीटरचा होता आणि आरंभी सायकलपटूंना क्रमवारीनुसार रांगांत उभे करण्यात आले. नैरो किंतानाने तो जिंकला. पण आरंभीच्या त्या मांडणीने शर्यतीचे स्वरूप बदलले नाही.

चौथा उपाय अधिक गंभीर आहे. माथा ओलांडून वेगवान उतारानंतर लगेच अंतिम रेषा ठेवली म्हणजे थरार हमखास, असा आयोजकांचा हिशेब असतो. १५ जून २०२३ रोजी स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला खिंडीवरून उतरताना गीनो मेडर हा सायकलपटू दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. त्या दिवशीची अंतिम रेषा उतारानंतर ला पुंत येथे होती. माथ्यावर शर्यत संपविणे सहज शक्य असताना केवळ थरारासाठी हा उतार ठेवला, अशी टीका सहस्पर्धक रेम्को एव्हेनेपूल याने केली. अपघाताचे नेमके कारण काहीही असो, आखणीविषयीचा हा प्रश्न रसिकांनाही उद्देशून आहे. तार्बच्या उताराला कंटाळवाणा म्हणताना आपण नेमके काय मागत होतो, याचे उत्तर रसिकाला द्यावेच लागते.

आता संशययोगाकडे वळू. २० जुलै २००६ रोजी फ्लॉइड लँडिसने मोर्झिनच्या टप्प्यावर जे केले, ते कंटाळ्याच्या अगदी उलट टोकाचे होते. आदल्या दिवशी तो सुमारे दहा मिनिटे मागे पडला होता. त्या दिवशी त्याने दूरवरून एकट्याने मुसंडी मारली आणि दुसऱ्या क्रमांकाला ५ मिनिटे ४२ सेकंदांनी मागे टाकले. रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याच टप्प्यातील त्याची उत्तेजकचाचणी दोषी ठरली, विजेतेपद काढून घेतले गेले आणि ते ऑस्कर पेरेइरोला मिळाले. २०१० मध्ये लँडिसने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. महाकाव्याची मागणी येथे पूर्ण झाली होती. फक्त ती खोट्या मार्गाने झाली होती.

यावरून रोमहर्षक तेवढे संशयास्पद आणि नीरस तेवढे प्रामाणिक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. तार्बच्या त्याच नीरस टप्प्यात दुसरा आलेला पेलिझोटी त्या वर्षी डोंगराचा राजा ठरला होता. २०११ मध्ये त्याचे २००९ चे निकाल रद्द झाले. त्या दिवशी जथ्यात शांतपणे बसून राहिलेल्या आर्मस्ट्राँगचे त्या वर्षीचे तिसरे स्थानही २०१२ मध्ये पुसले गेले. कॉन्टाडोरचे २०१० चे विजेतेपद २०१२ मध्ये काढून ते श्लेकला देण्यात आले. म्हणजे कंटाळवाण्या टप्प्यालाही सचोटीचे प्रमाणपत्र देता येत नाही. दृश्यातील रंजकता आणि कृतीतील सचोटी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचे अनुमान होत नाही. पण रसिकांची मागणी या दोहोंपैकी एकीलाच वाढविते, हे मात्र खरे. प्रेक्षक अधिक थरार मागू शकतो. तो अधिक सचोटी मागताना क्वचितच दिसतो.

६. ‘काही न घडण्या’चे श्रम

चऱ्होली, भोसरी, चाकण या पट्ट्यातील वाचकाला या प्रश्नाचे एक अंग विशेष जवळून कळू शकेल. येथील अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वाराशी अपघातविरहित दिवसांची संख्या मोजणारा फलक असतो. त्या फलकावर मोजले जातात ते काहीही न घडलेले दिवस. पाळी संपेपर्यंत यंत्र थांबले नाही, कोणाला इजा झाली नाही, माल वेळेवर निघाला, तर त्या पाळीची बातमी होत नाही. आणि हेच त्या पाळीचे यश असते. त्यामागे कोणाचे तरी अखंड लक्ष आणि अंगमेहनत असते.

डोंगरातील टप्प्यात मदतनीस सायकलपटूचे काम याच जातीचे आहे. आपल्या नायकावर कोणी मुसंडी मारू नये म्हणून तो तासभर वारा अंगावर घेतो, खालून पाण्याच्या बाटल्या आणतो, वेग चढता ठेवतो आणि दमला की बाजूला होऊन एकटाच मागे राहतो. त्याचे काम साधले की प्रेक्षकाला दिसते ते ‘काहीच घडले नाही’ असे. कंटाळवाणा टप्पा हा अनेकदा या माणसांनी उत्तम रीतीने पार पाडलेला टप्पा असतो. याचा अर्थ त्या टप्प्यात गोडी वाटलीच पाहिजे असा नव्हे. कारखान्यातील निर्विघ्न पाळी पाहण्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. मात्र ‘मला रंजक वाटले नाही’ आणि ‘कोणी काही केले नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले रसिकाच्या अधिकारातील आहे. दुसरे बहुधा असत्य असते.

बा. सी. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अशा टप्प्यात संवाद पुरेपूर असतो, विरोध नसतो. लयीच्या दृष्टीने हा दोष आहेच. पण हा दोष रचनेचा, त्यातील घटकांच्या निष्ठेचा नव्हे.

७. समारोप

वरील चर्चेवरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘कंटाळवाणा’ या निवाड्यात आखणीने संभावना नष्ट केल्याची तक्रार असू शकते. तिचा रोख आयोजकांकडे असावा, सायकलपटूंकडे नव्हे. त्यात प्रधान शर्यत न ओळखल्याची उणीव असू शकते. ती रसिकाची स्वतःची आहे. त्यात दृश्य स्फुट न झाल्याचा दोष असू शकतो. तो प्रक्षेपणाचा आणि समालोचनाचा आहे. आणि त्यात पूर्वीच्या फसवणुकीतून आलेला संशय असू शकतो. त्याला उत्तर थराराने नव्हे, तर तपासणीच्या विश्वासार्हतेनेच मिळेल. चारही तक्रारींना ‘आणखी चढ, आणखी उतार, आणखी वेग’ असे एकच उत्तर देणे म्हणजे रोग न ओळखता औषधाची मात्रा वाढविणे होय.

हा प्रश्न आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीची ‘पुणे ग्रँड टूर’ ही बहुटप्पी शर्यत झाली. प्रास्ताविक टप्पा आणि पुढील चार टप्पे मिळून तिचे अंतर सुमारे ४३७ किलोमीटर होते. आपल्या रस्त्यांवर अशा शर्यती होऊ लागल्या की त्यांचे रसिक घडतील, त्यांच्या अपेक्षा घडतील आणि त्या अपेक्षा पुढच्या आखण्यांत उतरतील. कोणता घाट कोठे ठेवावा, उतारानंतर रेषा किती अंतरावर असावी, घाटमाथ्याला स्वतंत्र मान असावा की नसावा, हे निर्णय केवळ तांत्रिक नसतात. त्यांत रसिकाच्या आवडीनिवडीचा वाटा असतो. क्रीडा हा विषय आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण विभागाकडे सोपविलेला असतो आणि आस्वाद हा भाषा विभागाकडे. या दोहोंनी एकत्र येऊन प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा अभ्यास केला, तर घाटात उभा राहणारा पुढचा रसिक कंटाळला तरी आपण कशाला कंटाळलो हे त्याला सांगता येईल, आणि आयोजकाला ते ऐकून योग्य ती गोष्ट दुरुस्त करता येईल.